ताटात न ठेवलेलं

“खालची पट्टी राहू दे, ताई. तिच्यामागे काही नसतं.”

बाई इतक्या हळू बोलल्या, की सिंकचा नळ चालू असल्यामुळे मला ते अर्धंच ऐकू आलं. मी ओट्याखाली फरशीवर बसले होते. ट्रॉल्यांच्या तळाशी जी लांब पट्टी असते, तिच्या फटीत स्क्रूड्रायव्हरचं टोक नुकतंच घातलं होतं. बाई माझ्याकडे पाठ करून भांडी विसळत होत्या.

“का राहू दे?” दारातून आवाज आला. सर सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. “सगळं काढायचं ठरलंय ना? काढा हो ती पट्टी.”

नळ बंद झाला. बाई वळल्या नाहीत.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागेत तेव्हा मी घरोघरी जाऊन किचन ट्रॉल्यांची सफाई आणि दुरुस्ती करायचे. मूळ धंदा आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आनंदांचा. ते ट्रॉल्या बसवायचे. शिडीवरून पडून कंबर गेली, तेव्हा त्यांनी मला कॉटवर पडल्या पडल्या सगळं शिकवलं. चॅनेल कसं उतरवायचं, बेअरिंग कशानं धुवायचं, बिजागरीला तेल किती थेंब. लोक हसायचे, लोहारीण ट्रॉल्या खोलते म्हणून. हसणाऱ्यांच्याच ट्रॉल्या पुढे अडकल्या आणि त्यांनीच बोलावलं.

पहिल्याच महिन्यात एका घरात माझ्यावर नथीचा आळ आला. चार दिवसांनी नथ त्यांच्याच तूरडाळीच्या डब्यात सापडली, पण सॉरी म्हणायला कोणी आलं नाही. तेव्हा आनंदा म्हणाले, “आजपास्नं जे निघंल ते समोर ठेवायचं. धुळीचा गोळा असला तरी समोर ठेवायचा.” माझ्या लग्नातलं काठाचं स्टीलचं ताट मी तेव्हापासून पिशवीत घेऊन फिरायला लागले. ट्रॉल्यांच्या मागून काय काय पडलेलं निघतं, चमचे, टिकल्या, पोरांचे दुधाचे दात, ते सगळं मी ताटात ठेवायचे. ताट ओट्यावर, घरच्यांच्या डोळ्यांसमोर. सबंध विश्रामबागेत माझं ताट ठाऊक होतं. त्या ताटाचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

हेरवाडकर सर कॉलेजात शिकवायचे. नवरात्राच्या आधी चार दिवस त्यांचा फोन आला. घरात एक झुरळ दिसलंय, सगळ्या ट्रॉल्या उतरवून साफ करायच्या. सकाळी नऊला पोचले तर दार बाईंनी उघडलं आणि माझी बादली, पिशवी बघून त्यांचा चेहराच उतरला. त्यांना काही सांगितलेलंच नव्हतं.

“आज?” त्या म्हणाल्या.

“हो, आज,” सर आतून आले. “तुला सांगितलं असतं तर तू आधीच आवरून ठेवलं असतंस. मग कळणार कसं?” हे ते हसत म्हणाले. मीही हसले. वाटलं, नवरा-बायकोची थट्टा आहे.

माणूस फार टापटिपीचा. डब्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर तारखा. कशाला हात लागला की लगेच साबणाने धुणार. अशी घरं मला आवडायची, काम कमी पडतं. मी ताट ओट्यावर ठेवलं आणि माझा नियम सांगितला, तर एकदम खूश झाले.

“वा! हे फार चांगलं केलंत. केतकी, ऐकलंस? जे निघेल ते ताटात.”

बाईंनी मान हलवली. तिशीच्या असतील. बोटांना हळद लावलेली होती. मी सहज विचारलं, “काय झालं ओ हाताला?”

“ट्रॉलीत सापडली,” त्या म्हणाल्या.

“तिचं लक्ष नसतं,” सर म्हणाले.

पहिल्या दोन ट्रॉल्या उतरवल्या. मागून एक केसांची पिन निघाली, ताटात ठेवली. सर उठले, कागदी रुमालात पिन धरून त्यांनी ती उजेडात बघितली. “ही कधीची?”

“आठवत नाही,” बाई म्हणाल्या.

“आठव ना. मी काही घाई करत नाहीये.”

सर खुर्चीत बसून वाट बघत राहिले. मी जाळी घासत होते, पण कान तिकडेच. पाच मिनिटं तरी गेली. शेवटी त्या म्हणाल्या, “गौरीच्या वेळची असेल.” सरांनी पिन परत ताटात ठेवली आणि हात धुऊन आले.

सिलेंडरच्या कपाटामागे एक मेलेली पाल निघाली. वाळून चामड्यासारखी झालेली. नियम तो नियम, तीही मी ताटात ठेवली. सर असे मागे सरकले की खुर्ची भिंतीला लागली. “अहो ती काय ताटात! बाहेर टाका, बाहेर!” मला गंमत वाटली. पाल उचलून मी माझ्या बादलीत टाकली. रॉकेल आणि साबणाचं काळं पाणी होतं त्यात, फडकी बुडवायला. ताट मात्र धुऊन पुन्हा ओट्यावर ठेवलं.

मग मधल्या ट्रॉलीमागून एक चमचा निघाला. दांड्याचं टोक वाकलेलं आणि त्यावर बारीक चरे. ते चरे मी ओळखले. मी पट्टी उचकटते तेव्हा माझ्या स्क्रूड्रायव्हरवरही तसेच पडतात. या घरात कोणीतरी चमच्याने खालची पट्टी उघडतं, पुन्हा पुन्हा उघडतं. चमचा ताटात ठेवला.

“हा मार्चमध्ये हरवला होता,” सर म्हणाले. त्यांना महिना आठवत होता. “कामवालीने नेला असेल म्हणालीस. मी तिला बंदच केलं तेव्हा. आणि हा वाकलाय कसा?”

बाईंनी हातातली वाटी पुन्हा विसळायला घेतली.

“केतकी, मी विचारतोय.”

“ट्रॉलीच्या मागं अडकला की वाकतोच की सर,” मी म्हणाले. तोंडातून आपोआप गेलं. माझ्या धंद्यातलं हे पहिलं खोटं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, एकदाच.

त्यानंतर चॉकलेटचा कागद निघाला. पाच रुपयांच्या चॉकलेटचा, जांभळा, घडी घालून घालून नखाएवढा केलेला. सरांनी तो रुमालाने उलगडला.

“हे कोणी खाल्लं?”

घरात दोनच माणसं. मूलबाळ नव्हतं. सर रागावले नव्हते, आवाजही चढवला नव्हता. शाळेत गुरुजी विचारतात तसं विचारत होते.

“कोणी खाल्लं, केतकी?”

“मी,” बाई म्हणाल्या, पण ते फक्त ओठांवरून कळलं.

“ऐकू नाही आलं.”

“मी.”

“आणलं कुठून? बरं, राहू दे. आपण नंतर बोलू.” त्यांनी हात धुतले. ‘नंतर बोलू’ म्हटल्यावर बाईंनी हळद लावलेली बोटं पदरात घेतली.

बाई पुन्हा भांड्यांकडे वळल्या तेव्हा मी त्या बोटांकडे नीट बघितलं. चारही बोटांवर, मधल्या पेराच्या वर, एकच सरळ काळी-निळी रेघ. मी ट्रॉल्यांवर जगणारी बाई. माझी स्वतःची बोटं दहा वेळा सापडली आहेत. आपल्याच हातून ट्रॉली लागते तेव्हा एखादं नख जातं, एखादं टोक चेंगरतं. चारही बोटं एका ओळीत, एवढ्या जोराने, आपली आपल्याला कधीच सापडत नाहीत. हात आत असताना ट्रॉली ढकलायला बाहेर दुसरं कोणीतरी लागतं.

माझ्या ताटाची मला शरम वाटली. दीड तास मी एकेक वस्तू काढून या माणसाच्या हातात देत होते, आणि तो एकेक वस्तू घेऊन तिला विचारत होता.

आणि आता राहिली होती फक्त ती पट्टी.

“काढताय ना?” सर म्हणाले.

नाही कसं म्हणणार? मी नाही काढली तर ते स्वतः काढतील. मी पालथी झोपले, टोक दाबलं. क्लिप सहज सुटली. रोज उघडणाऱ्या दारासारखी सुटली. चार इंचांची ती अंधारी फट. हात कोपरापर्यंत आत गेला आणि बोटांना प्लॅस्टिक लागलं.

दुधाच्या पिशव्या होत्या, धुऊन, कापून, एकाला एक चिकटपट्टीने जोडलेल्या. आत कागद आणि एक लहान चौकोनी जड वस्तू, बटणांचा फोन. कागदाचा जाड कोपरा माझ्या ओळखीचा. माझ्या पोरीचं दहावीचं सर्टिफिकेट तसंच आहे. मी सगळं न बघताच समजले.

फरशीवरून मला फक्त पाय दिसत होते. दाराशी सरांच्या स्वच्छ पांढऱ्या सपाता. सिंकपाशी बाईंचे अनवाणी पाय, अंगठे फरशीत रुतवलेले.

“काय लागलं हाताला?” सपाता एक पाऊल पुढे आल्या.

खरं सांगते, मी थांबले. माझ्या डोक्यात आधी बाई आल्याच नाहीत, आधी नथ आली. या घरातून मी न सांगता काही नेलं आणि उद्या कळलं, तर या जन्मात मला कोणी दारात उभं करणार नाही. घरी पडलेला नवरा, शिकणारी पोरगी. चांगलं नाव मिळवायला मला सहा वर्षं लागली होती.

“काय आहे, ताई?”

“पाल हाय, सर,” मी म्हणाले. “दुसरी. ही वल्ली हाय अजून. ताटात ठेवू?”

“नको, नको! ताटात काय! बादलीत टाका त्या.”

त्यांनीच सांगितलं. मी फडकं आत घातलं, पुडकं त्यात गुंडाळलं, कूस बदलली आणि सरांकडे पाठ करून ते काळ्या पाण्यात सोडलं. तरंगू नये म्हणून वर दुसरं फडकं दाबलं. दुधाच्या पिशवीतून दूध बाहेर येत नाही, तर पाणीही आत जाऊ नये, एवढंच मी देवाला म्हटलं.

“पट्टीमागून ताटात काहीच नाही?” सर जवळ आले.

“धूळ हाय नुसती. बघा की.”

मला वाटलं नव्हतं, पण ते खरंच वाकले. पँट फरशीला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी वर धरून, माझी बॅटरी घेऊन त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. तिथं काही नव्हतं. उठले तेव्हा ते माझ्याकडे नाही, बाईंकडे बघत होते. बाई पातेलं पुसत होत्या. ते पातेलं केव्हाच कोरडं झालं होतं.

उरलेलं काम मी कसं केलं ते आठवत नाही. चॅनेलना तेल दिलं, ट्रॉल्या चढवल्या, पट्टी बसवली. निघताना सर दारात उभे राहिले.

“पिशवी दाखवता? राग मानू नका. तुमचाच नियम आहे.”

“दाखवते की.” मी पिशवी उलटी केली. ब्रश, स्क्रू, तेलाची बाटली, ताट. त्यांनी ताटसुद्धा उलटं करून बघितलं.

“आणि ते पाणी इथेच बाथरूममध्ये ओता. जिन्यात सांडेल.”

माझ्या मागे बाई होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू आला.

“ओतते,” मी म्हणाले आणि बादली उचलून बाथरूमकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. “फक्त रॉकेल हाय त्यात, सर. आणि पाली. आठ दिवस वास जायचा न्हाई. तुमची मर्जी.”

सरांनी नाकाला रुमाल लावला. “मग खाली न्या. गटारात ओता.”

चप्पल घालता घालता मी सरांनाच मोठ्याने सांगितलं, “कायबी बिघडलं तर कळवा. फोन न्हाई लागला तर घर सोपं हाय. रेल्वे गेटापासनं तिसरं, दारात लोखंडी ऐरण हाय. मी नसले तरी मालक दिवसभर घरीच असत्यात.”

“मला पत्ता नकोय,” सर म्हणाले.

मी त्यांना सांगतच नव्हते.

घरी आले, बादली मोरीत ठेवली आणि खालीच बसले. आनंदांनी कॉटवरून विचारलं, “काय झालंया?” मी पुडकं काढलं, पुसलं आणि ताटात ठेवून त्यांच्यापुढे धरलं. सगळं सांगितलं. त्यांनी पुडक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “कोरडं हाय का बघितलंस?” एका कोपऱ्यातून थोडं पाणी गेलं होतं. ते उघडायचा हक्क आमचा नव्हता, पण कागद कुजले असते. उघडलं. बी.एड.चं गुणपत्रक, आधारकार्ड, आणखी दोन-चार कागद. नावापुढे माहेरचं आडनाव. आनंदांनी ते कागद एकेक करून उशीखाली वाळवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाई आल्या. हातात भाजीची पिशवी, वरून कोथिंबीर दिसत होती. ऐरणीपाशी थांबून त्यांनी मागे बघितलं, मग आत आल्या. बसल्या नाहीत. पाणी मात्र दोन तांबे प्यायल्या.

“फोन गेला असेल,” मी म्हणाले. “पाणी गेलंय त्यात.”

“जाऊ दे. कागद आहेत ना?” कागद त्यांनी छातीशी धरले. “दोन वर्षं लागली मला हे एकेक करून त्यांच्या कपाटातून काढायला.” मग म्हणाल्या, “तुम्ही ताटात का नाही ठेवलंत?”

मी त्यांचा हात धरला, चार बोटांवरच्या त्या रेघेवर माझं बोट ठेवलं. “ट्रॉली अशी लागत न्हाई, बाई. मला ठाऊक हाय.”

त्या रडल्या नाहीत. मीच रडले. मग माझ्या लुनावर मागे बसवून त्यांना स्टँडवर सोडलं. कुठल्या गाडीत बसल्या ते मी मुद्दाम बघितलं नाही. कोणी विचारलंच, तर मला माहीत नको होतं.

विचारायला सर त्याच संध्याकाळी आले. पत्ता त्यांनाही ऐकू गेला होताच की.

“माझ्या घरातून तुम्ही काहीतरी नेलंत.”

“काय नेलं?” मी विचारलं.

ते त्यांना सांगता येईना, कारण काय होतं ते त्यांनाच माहीत नव्हतं. आणि मला सांगायचं नव्हतं. शेवटी ते शांतपणे म्हणाले, “तुमचं ताट खोटं आहे, एवढं मी सगळ्यांना सांगेन.”

शब्दाचे पक्के निघाले. दसऱ्याच्या आत त्या सगळ्या इमारतींमधून माझी कामं गेली. जिथे चहा मिळायचा तिथे वॉचमन गेटवर अडवायला लागला. एक ओळखीच्या काकू म्हणाल्या, “सुनंदा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती गं.” मला तोंड उघडता येत होतं, पण उघडलं असतं तर बाईंचा माग लागला असता. चोर म्हणवून घेतलं. फार लागलं ते, आजही लागतं. पोरीची फी भरायला आनंदांनी ऐरण विकली. मग आम्ही मिरजेला बिऱ्हाड हलवलं आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली. ताट तेच ठेवलं.

गेल्या वर्षी एक फोन आला. ट्रॉल्यांची सफाई करायची आहे, गडहिंग्लजला याल का? म्हटलं, तिकडे कोणी मिळत नाही का? तर म्हणाल्या, “मिळतात. मला तुम्हीच हव्यात. नंबर शोधायला दोन महिने गेले.”

एसटीने गेले. दार उघडलं तेव्हा मी ओळखलं नाही. अंग भरलेलं, चष्मा, टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. हात पुढे केला तेव्हा ओळखलं. करंगळी अजून जरा वाकडी होती.

त्यांनी चहा टाकला, मी पिशवी उघडून सवयीने ताट ओट्यावर ठेवलं. त्यांनी त्या ताटाच्या काठावरून एकदा हात फिरवला. मी खाली बसले, स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि बघते तर ट्रॉल्यांच्या खाली पट्टीच नाही. चार इंच मोकळी जागा, पलीकडची भिंत दिसत होती.

“पट्टी कुठं गेली?”

“बसवूनच घेतली नाही,” त्या म्हणाल्या. “झाडू फिरवायला बरं पडतं.”

मी मधली ट्रॉली उतरवली. मागून एक पेन निघालं, लाल शाईचं. ताटात ठेवलं. एक रबरबँड निघाला. आणि मग एक जांभळा कागद निघाला, चॉकलेटचा, घडी न घातलेला, चुरगळून टाकलेला.

“हे कुणी खाल्लं?” थट्टेत तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. दहा वर्षांपूर्वीचे सरांचे शब्द होते ते, आणि मी ते बाईंच्याच स्वयंपाकघरात उच्चारले होते. चहाचं भांडं हातात धरून बाई थबकल्या. गॅस चालूच होता.

मग त्या वळल्या.

“मी!” त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की शेजारच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. “आणि अजून तीन-चार निघतील मागे. काढा सगळे. ठेवा ताटात.”